भाडेकरू जावई

हॉटेलात बिल आलं की पूर्वी मराठी माणसाला नेमकी हात धुवायची आठवण यायची. कुणी फोन कानाला लावून बाहेर जायचं, कुणी बडीशेप निवडत बसायचं, आणि शेवटी टेबलावरचा जो सगळ्यात भिडस्त, त्याचं पाकीट उघडायचं. गेल्या काही वर्षांत हे सगळं उलटंपालटं झालंय. वेटर बिल ठेवायच्या आत दोन-तीन हात त्यावर झडप घालतात. "अहो, मागच्या वेळी तुम्ही दिलंत." "छे छे, आज माझं कार्ड." शेजारच्या टेबलावरच्याला वाटावं, काय ही दिलदार मंडळी! बिल भरून होतं, आणि माणसं चपला शोधत असतानाच सगळ्यांच्या फोनवर मेसेज येऊन पडतो : 'प्रत्येकी ४१२. या नंबरवर जीपे करा. सोलकढी घेतलेल्यांनी ४६७.'

बिल सगळ्यांचं, पॉइंट एकट्याचे. या झडपेमागचं कारण एवढंच.

आमचे साडू या विद्येतले अधिकारी पुरुष. कोथरूडला स्वतःचा फ्लॅट, एका कंपनीत ऑडिट खात्यात नोकरी, आणि पाकिटात कार्डांची अशी चळत की पाकीट खिशात ठेवून त्यांना सरळ बसता येत नाही. नात्यात कुणाचाही खर्च निघाला की साडूंचं ठरलेलं वाक्य : "बिल माझ्याकडे द्या." पुतण्याच्या कॉलेजची फी, मामांचा फ्रिज, चुलतबहिणीच्या लग्नाच्या हॉलचा ॲडव्हान्स, सगळं त्यांनी भरलं आणि सगळं त्याच दिवशी वसूल केलं. लग्नात व्याह्यांनी त्यांना सगळ्यांसमोर शाल-श्रीफळ दिलं. "ऐनवेळी धावून येणारा माणूस" असं माइकवरून सांगितलं. साडूंनी शाल घेतली, नारळ घेतला आणि बाजूला येऊन मला हळूच म्हणाले, "केटररनं कार्डावर दोन टक्के जादा मागितले हो. नाहीतर तोही मीच भरणार होतो."

केटररचं काही चुकलं नाही. पॉइंट आभाळातून पडत नाहीत. कार्ड घासलं की दुकानदाराला साधारण दोन टक्क्यांच्या आसपास बँकांना द्यावे लागतात, आणि त्यातलाच तुकडा बँक आपल्याला पॉइंट म्हणून देऊन वर वाढदिवसाच्या शुभेच्छाही पाठवते. म्हणजे खाणारे आपण, वाढणारी बँक आणि शिधा दुकानदाराचा. लक्ष्मी रोडवरच्या जुन्या दुकानदाराला हे कोणत्याही अर्थशास्त्र्याच्या आधी कळलं होतं. तो कार्ड बघताच म्हणायचा, "मशीन बंद आहे."

आता एका माणसानं दुसऱ्याला पैसे पाठवायचे, तर मधे दुकानदार नाही. मग शिधा कुणाच्या कोठीतला? या कोड्यावर जगातल्या बऱ्याच हुशार कंपन्यांनी आपापले पैसे घालवले आहेत. 

आपल्याकडचं पहिलं मोठं प्रकरण नोटाबंदीनंतरचं. कार्डावरून वॉलेटमध्ये पैसे भरायला काही पडत नव्हतं, आणि वॉलेटमधून बँकेच्या खात्यात काढायलाही काही पडत नव्हतं. हे वाक्य साडूंसारख्या माणसानं एकदा वाचलं की त्याला झोप लागणं शक्य नाही. कार्डावरून वॉलेट, वॉलेटमधून खातं, खात्यातून कार्डाचं बिल. पैसा गोल फिरून घरी परत, आणि प्रत्येक फेरीला पॉइंट. शेवटी ८ मार्च २०१७ला पेटीएमनं जाहीर केलं की क्रेडिट कार्डावरून वॉलेट भरलं तर २ टक्के लागतील, आणि कारणही सरळ सांगितलं : लोक पैसे नुसते फिरवतात आणि पॉइंट मिळवतात, कार्डाचे पैसे मात्र आम्ही मोजतो. देशभर अशी ओरड झाली की दुसऱ्याच दिवशी निर्णय मागे. साडू आजही ती तारीख स्वातंत्र्यदिनासारखी सांगतात.

न्यू जर्सीतला आमचा एक आतेभाऊ असल्या गोष्टींत आपल्याला कुणी मागासलेलं समजू नये याची काळजी घेतो. त्याच्याकडे ॲमेझॉन पेमेंट्स नावाची सेवा होती. महिन्याला १००० डॉलरपर्यंत कुणालाही क्रेडिट कार्डावरून पाठवा, शुल्क शून्य. तिकडच्या सुजाण नवऱ्यांनी दर महिन्याला बायकोला हजार डॉलर पाठवले आणि तितक्याच सुजाण बायकांनी नवऱ्यांना हजार. एकाच सोफ्यावर बसून. ऑक्टोबर २०१४मध्ये कंपनीनं ही सेवा गुंडाळली. आतेभाऊ सांगतो, त्यानंतर घरातला संवादच कमी झाला.

पण अमेरिकेतला खरा पराक्रम नाण्यांचा. तिथल्या सरकारी टांकसाळीला एक डॉलरची नाणी लोकांच्या हाती खेळायला हवी होती. लोक घेईनात, म्हणून २००८पासून टांकसाळीनं ती दर्शनी किमतीला घरपोच द्यायला सुरुवात केली. टपालखर्च सरकारचा, आणि क्रेडिट कार्ड चालेल. एक डॉलरला एक डॉलर, वर विमानप्रवासाचे पॉइंट. लोकांनी खोकीच्या खोकी मागवली, खोकं न फोडता गाडीत घालून बँकेत नेऊन भरलं, आणि त्याच पैशांतून कार्डाचं बिल चुकवलं. नाणी टांकसाळीतून निघून बँकेच्या तिजोरीत गेली, मधे कुणाच्या खिशात खुळखुळलीसुद्धा नाहीत. जुलै २०११मध्ये टांकसाळीनं कार्ड घेणं थांबवलं, तोवर कितीतरी माणसं सरकारच्या खर्चानं समुद्रकिनारी जाऊन आली होती. ही हकिगत ऐकताना साडूंचे डोळे पाणावले. "आपल्याकडे टांकसाळ कुठेशी आहे हो?" "मुंबईला, फोर्टात." "घरपोच देतात?"

टांकसाळ नाही तर नाही, यूपीआय होतं. पण यूपीआयवर क्रेडिट कार्ड नव्हतं, त्यामुळे साडू त्याकडे गरिबाचं साधन म्हणून पाहायचे. जून २०२२मध्ये रिझर्व्ह बँकेनं रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडायला परवानगी दिली, सप्टेंबरात ते सुरूही झालं, आणि साडूंनी त्याच आठवड्यात रुपे कार्डासाठी अर्ज केला. फक्त एक मेख होती. कार्डाचे पैसे दुकानदारालाच जाणार, खासगी माणसाच्या खात्यात जाणार नाहीत.

त्या मेखेमुळे आमच्या साडूंचा भाजीबाजार बदलला. आता ते मेथी बघत नाहीत, आधी स्कॅनर बघतात. मी त्यांच्याबरोबर मंडईत गेलो होतो. गाडीवर लॅमिनेशन केलेला क्यूआर दोरीनं तराजूला बांधलेला, त्यावर पाण्याचे शिंतोडे, कडेला कोथिंबिरीचं एक पान चिकटलेलं. साडूंनी रुमालानं तो पुसला आणि विचारलं, "मावशी, हा स्कॅनर बिझनेसचा की पर्सनल?"

"माझ्या पोराचा हाय."

"पोराच्या सेव्हिंग खात्याला जोडलाय की करंट?"

मावशींनी मापातली गवार परत ओतली. "तुमी इन्कम टॅक्सवाले का?"

साडू तिथून पुढे गेले. चार गाड्या सोडून एक स्पीकरवाला भाजीवाला सापडला, जो पैसे आले की मोठ्यानं पुकारा करतो. त्याच्याकडे गवार पावामागे पाच रुपयांनी महाग होती. साडूंनी अर्धा किलो घेतली, कार्ड चाललं, दहा रुपये जादा गेले आणि एक रुपयाच्याही आतले पॉइंट मिळाले. परतताना त्यांचा चेहरा मोहीम फत्ते झाल्यासारखा होता.

माझं मत विचाराल तर या लोकांना पैशाचा लोभ आहे असं म्हणणं अन्याय आहे. लोभी माणूस स्वस्त गवार घेतो. यांना बँकेला हरवायचं असतं. ज्या बँकेनं आजोबांना कर्जासाठी तासन्‌तास बाकावर बसवलं, वडिलांची सही जुळत नाही म्हणून चेक परत पाठवला, तिच्या खिशातून चार आणे काढायचे आणि ते काढताना आपले आठ आणे गेले तरी हूं की चूं करायचं नाही. बँकेलाही हे पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच ती पॉइंट देते, रोख देत नाही.

तर मुद्द्यावर येतो. दुकानदार नसलेल्या माणसाला कार्डावरून पैसे पाठवायची एक वाट तरीही उरली होती : घरभाडं. भाडं भरायची ॲप निघाली. कार्डावरून भाडं भरा, ॲप एखादा टक्का घेणार आणि घरमालकाच्या खात्यात रक्कम जमा करणार. सुरुवातीच्या दिवसांत ॲप घरमालकाचं नाव, खातं आणि पॅन एवढंच विचारायचं, घर विचारायचं नाही. या एका सवलतीनं देशात रातोरात असंख्य भाडेकरू तयार झाले. मित्र मित्राचा भाडेकरू झाला, भाऊ बहिणीचा झाला, एकाच पलंगावर झोपणारी जोडपी एकमेकांची घरमालक झाली. फाळणीनंतर एवढ्या लोकांनी कागदोपत्री घरं बदलली नसतील.

साडूंना घरमालक हवा होता. बायकोनं ठाम नकार दिला. ("तुमचे पैसे माझ्या खात्यात आले तर ते परत जाणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवते.") माझ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. राहता राहिल्या सासूबाई. साताऱ्यात शनिवार पेठेत वाडा, वाड्याच्या मागच्या अंगाला एक रिकामी खोली, राष्ट्रीयीकृत बँकेत खातं, पॅन कार्ड आहे, आणि जावयाला नाही म्हणायची पद्धत त्यांच्या पिढीत नाही.

"आई, तुम्ही काही करायचं नाही. दर महिन्याला तुमच्या खात्यात पंचवीस हजार येतील. ते मला परत पाठवायचे."

"मग पाठवताच कशाला?"

हा प्रश्न खरं म्हणजे तिथेच ऐकायला हवा होता.

पहिल्या महिन्यात पैसे गेले. सासूबाई फोनवरून पैसे पाठवत नाहीत. फोन ऐकण्यासाठी असतो अशी त्यांची समजूत आहे. त्या रिक्षानं बँकेत गेल्या, पासबुक भरून घेतलं, चेक लिहिला आणि पोस्टानं कोथरूडला पाठवला. पासबुकाच्या त्या ओळीत 'रेंट' असं छापून आलं होतं. काउंटरवरच्या मुलीनं ते वाचलं आणि विचारलं, "काकू, वाडा भाड्यानं दिलात का?" काउंटरसमोर रांग होती. साताऱ्यात रांगेतल्या माणसांना कानही असतात. संध्याकाळपर्यंत पेठेत बातमी पोचली की मागची खोली पंचवीस हजारांना गेली. दोन दिवसांत शेजारच्या वाडेकऱ्यांनी आपापल्या भाडेकरूंना बोलावून घेतलं आणि भाव वाढल्याची कल्पना दिली. एक इस्टेट एजंट पेढे घेऊन आला.

आणि सासूबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. घरमालकीण असणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांच्या सासूबाईंनी चार बिऱ्हाडं सांभाळली होती.

दुसऱ्या महिन्याचा चेक २४,६४० रुपयांचा आला. सोबत वहीचा कागद : रिक्षा जाऊन-येऊन, पोस्ट आणि 'पाणीपट्टी, भाडेकरूच्या वाट्याची'. साडूंनी फोन केला. "आई, मी तिथं राहत नाही."

"खोली तुमच्यासाठी अडकून पडलीये ना? पाणी नाही वापरलंत तो तुमचा प्रश्न."

पुढे घरपट्टी आली. पावसाळ्याआधी कौलं चाळायचा खर्च आला. दिवाळीला एक डबा आला, त्यात चकल्या आणि रंगाचं बिल.

एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर मी साडूंना हिशेब मांडून दाखवला. भाडं २५,०००. ॲपचा एक टक्का २५०, त्यावर १८ टक्के जीएसटी ४५, म्हणजे महिन्याला २९५ आणि वर्षाला ३,५४०. त्यांच्या कार्डावर शंभराला दोन पॉइंट, पॉइंटची किंमत २५ पैसे, म्हणजे महिन्याला १२५, वर्षाला १,५००. तीन लाखांचा खर्च झाला म्हणून कार्डाची वार्षिक फी माफ, ९९९ अधिक जीएसटी, एकूण १,१७९. जमा २,६७९, खर्च ३,५४०, खड्डा ८६१ रुपये. पॉइंट वटवायचे तर बँक ९९ रुपये अधिक जीएसटी घेते ते वेगळे. सासूबाईंची पाणीपट्टी मी भीडेखातर धरलीच नव्हती.

साडूंनी पत्रिका उलटसुलट पाहिली. ऑडिट खात्यातला माणूस, आकडे नाकारणार नाही. "दीड महिना बँकेचे पैसे बिनव्याजी वापरायला मिळतात, ते तुम्ही धरलं नाहीत."

"पण ते आई वापरतात."

थोडा वेळ शांततेत गेला. मग म्हणाले, "लाउंज धरलं नाहीत."

विमानतळावरचं लाउंज हा या पंथाचा मोक्ष. कार्डावर दोन रुपये कापतात आणि आत मनसोक्त खायला. साडू नऊच्या विमानासाठी पाचला घरातून निघतात. आत शिरायला जी रांग असते ती पाहून एखाद्याला अन्नछत्र आठवेल. फरक एवढाच की अन्नछत्रातले लोक रांगेत एकमेकांना आपली कार्डं दाखवत नाहीत. आत कोमट इडली, घट्ट सांबार, चौकोनी केक. घरी बायकोनं केलेल्या उपम्यात मीठ कमी पडलं तर भुवई उंचावणारा माणूस तिथला गार उपमा दोनदा घेतो. शेजारी बसलेल्याला मी एकदा सहज विचारलं, "कुठं निघालात?" त्यानं बोर्डिंग पास काढून वाचून सांगितलं.

बँकांना हे बिनघरांचे भाडेकरू दिसत नव्हते अशातला भाग नाही. कार्डाच्या व्यवहारात प्रत्येक धंद्याला चार आकडी सांकेतिक क्रमांक असतो. भाड्याचा ६५१३. हा आकडा कार्डावर दिसला की बँकेच्या संगणकाला बरोबर वास येतो. २० ऑक्टोबर २०२२पासून आयसीआयसीआय बँकेनं भाड्याच्या व्यवहारावर एक टक्का लावला, नोव्हेंबरात एसबीआय कार्डानं ९९ रुपये अधिक कर. पाठोपाठ बाकीच्यांनीही हात धुवून घेतले, काहींनी भाड्यावरचे पॉइंटच बंद केले. ॲपचा टक्का, बँकेचा टक्का, दोन्हींवर सरकारचा कर. आता शहाण्या माणसानं थांबावं. पण साडूंचा तीन लाखांचा टप्पा गाठायला थोडेच कमी पडत होते, आणि टप्पा नावाच्या गोष्टीनं आजवर जेवढी माणसं बुडवली तेवढी मटक्यानंही बुडवली नसतील. नवं वर्ष, नवं कार्ड, नवा टप्पा, घरमालकीण तीच.

दरम्यान सासूबाईंचं अकरा महिन्यांचं गणित पुरं झालं. त्यांनी स्वतःहून फोन केला.

"जावईबापू, अकरा महिने झाले. पेठेत सगळीकडे दहा टक्के वाढवून घेतात."

"आई, ते पैसे माझेच आहेत. मीच पाठवतो, तुम्हीच परत पाठवता. वाढवले तरी..."

"पाठवताना वाढवा. परत किती पाठवायचे ते मी बघते. आणि डिपॉझिट राहिलंय तुमचं."

डिपॉझिट गेलं. त्याची एफडी झाली. पावती देवघरात, तसबिरीमागे आहे. वारसदार म्हणून माझ्या बायकोचं नाव घातलंय असं कळलं. मी या प्रकरणात तटस्थ आहे.

सप्टेंबर २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेनं पैसे पोचवणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांसाठी नवी नियमावली काढली. ज्या व्यापाऱ्याशी तुमचा करार झालाय, ज्याची पुरती ओळख तुम्ही तपासलीये, त्याच्यासाठीच पैसे गोळा करा, असा तिचा रोख होता. सासूबाई कुणाच्याही अर्थानं व्यापारी नव्हत्या, निदान कागदावर तरी नव्हत्या. फोनपे, पेटीएम, क्रेड यांनी कार्डावरून भाडं भरायची सोय बंद केली. साडूंना मेसेज आला तेव्हा आम्ही चहा घेत होतो. त्यांनी तो दोनदा वाचला, फोन पालथा ठेवला, आणि मला वाटलं त्यांचे खांदे जरा हलके झाले.

पाच तारखेला साताऱ्याहून फोन आला. साडूंनी स्पीकरवर टाकला.

"भाडं आलं नाही अजून."

"आई, ते आता बंद झालं. रिझर्व्ह बँकेनंच बंद केलंय."

"काय बंद केलंय?"

"क्रेडिट कार्डावरून भाडं भरता येत नाही."

"कार्डावरून येत नाही ना?" पलीकडे वही उघडल्याचा आवाज आला. "मग शनिवारी येताना रोख घेऊन या. पावती करून ठेवते. आणि खोली सोडायची असेल तर एक महिना आधी सांगायचं असतं."